उत्तर: टेकचे अर्थ पाठ करून भागत नाही

चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजीतलं 'टेक' (take) हे क्रियापद कसं शिकवावं, या चर्चेत 'त्यांच्याकडून टेकचे सगळे अर्थ घोकून घ्या' असं एक मत आलं, ते काही पटलं नाही. घोकण्यात ती मुलं कुणाला हार जात नाहीत. अडतं ते मँडरिनमधल्या, म्हणजे त्यांच्या चिनी भाषेतल्या, नाम-क्रियापदांच्या ठरलेल्या जोड्यांमुळे. तिथे औषध 'खातात' (छ्र याओ), बस 'बसतात', रजा 'मागतात'; इंग्रजीत या तिन्हींना टेक चालतं. मग सर्दी झालेला मुलगा बिनदिक्कत 'आय एट सम मेडिसिन' म्हणतो. (आपण तरी काय, गोळ्या खातो आणि परीक्षा देतो, म्हणून तर 'गिव्ह द एक्झाम' आपल्याकडे सर्रास चालतं.) तेव्हा टेक सुटं शिकवूच नये, नामासकट शिकवावं.

टेक (नेणे) आणि ब्रिंग (आणणे) यांचा घोळ मात्र या चर्चेत कुणीच काढला नाही. मँडरिनमध्ये दोन्हींना एकच 'दाय', म्हणजे सोबत घेणे. दिशा सांगायला मागे 'लाय' किंवा 'छ्यू' लावायचं. दाय लाय म्हणजे घेऊन ये, दाय छ्यू म्हणजे घेऊन जा, अगदी मराठीसारखं! इंग्रजीत दिशा क्रियापदाच्या पोटातच असते, म्हणून 'प्लीज टेक मी अ कप ऑफ टी' ऐकू येतं. मी शिकवताना फळ्यावर बोलणारा माणूस काढते. त्याच्याकडे येणारा बाण 'लाय', म्हणजे ब्रिंग; त्याच्यापासून दूर जाणारा 'छ्यू', म्हणजे टेक. एवढ्यावर बरंच निभावतं. अडतं ते ऐकणाऱ्याच्या घरी काही न्यायचं असेल तेव्हा. बोलणारा स्वतः जाणार असतो, तरी इंग्रज फोनवर 'आय विल ब्रिंग द केक' असंच म्हणतो, आणि तिथे माझा बाण उलटा पडतो.