शुगर निघाली आहे, काय खायचं तेवढं सांगा (मदत हवी आहे)

चाकणकर:
कंपनीच्या वार्षिक तपासणीत शुगर निघाली, २५१. वय ४४. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, "पथ्य पाळा" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत. आठ दिवस झाले, साखर बंद, भात बंद, पोळी सोडून ज्वारीची भाकरी, चहात गूळ. तरी परवा १९०. नेटवर वाचून डोकं फिरलंय. व्याख्यान नको, काय खायचं तेवढं सांगा.

अनघा_पी:
२५१ उपाशीपोटी की जेवल्यावर? एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी) किती? गोळी कुठली? १९० कधी मोजली?

रानवाटा:
गूळ? अहो, तीही साखरच.

बापूसाहेब:
गूळ आणि साखर एक नव्हे. चांगल्या गुळात लोह असतं. आमच्या कोल्हापूरकडे म्हातारी माणसं रोज खडा खाऊन ठणठणीत आहेत.

रानवाटा:
असेल लोह. मीटर लोह मोजत नाही.

निमूट_वाचक:
डॉ. दीक्षितांचा डाएट. दिवसातून दोनदा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधे तोंड बंद. माझं एचबीए१सी सहा महिन्यांत ७.४ वरून ६.१. बाकी सगळं सोडा.

सखूबाई:
आले दीक्षितवाले! आता ऋजुता दिवेकरवाले येतील, दर दोन तासांनी खा म्हणत.

शिरीष_नाशिक:
जांभळाच्या बियांची पूड, सकाळी एक चमचा. खात्रीची मिळण्याचं ठिकाण व्यनि (खाजगी निरोप) करतो.

हेमा_ताई:
धागा हायजॅक करत नाही, पण आईचे गुडघे दुखतात, तिला मेथ्या चालतील का?

चाकणकर:
२५१ जेवल्यावरची, उपाशीपोटी १६८. एचबीए१सी ८.१. गोळी सकाळी एक, नाव घरी जाऊन बघतो. शिफ्ट ड्यूटी आहे, एक आठवडा नाइट. भाकरी जेवणाला तीन. ज्वारीच आहे म्हटल्यावर मोजली नाही.

अनघा_पी:
इथेच घोळ आहे. ज्वारीत तंतू जास्त, कबूल, पण शेवटी पीठच. एका भाकरीचा गोळा काट्यावर ठेवून बघा, आमच्याकडे दोन पोळ्यांचं पीठ भरलं. म्हणजे तुम्ही सहा पोळ्या खाताय आणि भात सोडला म्हणून खूश आहात. नवऱ्याला शुगर निघाली तेव्हा मी ताटच बदललं: निम्म्यात भाजी-कोशिंबीर, पाव हिश्श्यात उसळ, अंडी नाहीतर मासे, उरलेल्या पाव हिश्श्यात एक भाकरी किंवा वाटीभर भात. हो, भात. आणि आधी काकडी-उसळ खायची, भाकरी शेवटी. पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा, म्हणजे कुठल्या जेवणाने चढते ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

बापूसाहेब:
पण भाकरी म्हणजे हातावर थापलेली का पोळपाटावर? पातळ थापली तर पीठ कमी लागतं. हल्ली थापता येतेच कुणाला!

चाकणकर:
तीन दिवस दीक्षित करून पाहिलं. काल चार वाजता लाईनवर उभा होतो, हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम. सुपरवायझरने बसवून चहा पाजला. गोळीचं नाव बघितलं: ग्लिमेपिराइड अधिक मेटफॉर्मिन.

रानवाटा:
तो डाएट आधी थांबवा आणि डॉक्टरांना आत्ता फोन करा. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन सोडायला लावते. ती घेऊन जेवण चुकवलं की शुगर धाडकन उतरते. पुन्हा असं झालं तर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत मोजा. मीटर जवळ नसेल तर आधी साखर. गोळी मनाने बंद करू नका.

निमूट, तुम्ही कुठली गोळी घेत होता?

निमूट_वाचक:
नुसती मेटफॉर्मिन. आणि डॉक्टरांना विचारून सुरू केलं होतं, ते लिहायचं राहिलं. सॉरी.

बापूसाहेब:
म्हणून म्हणतो, खिशात गुळाचा खडा असावा.

रानवाटा:
बापूसाहेब, थरथर सुटली तर तुमचा खडाही चालेल. चहात मात्र नाही.

चाकणकर:
डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड काढली, आता फक्त मेटफॉर्मिन जेवणाबरोबर, नाइटच्या वेळाही लिहून घेतल्या. आधी शिफ्ट सांगितलीच नव्हती, त्यावरून बोलणी खाल्ली. एका भाकरीवर आलोय, काल दोन तासांनी १६२.

आता खरा प्रश्न. नाइटला साडेतीन वाजता कॅन्टीनमध्ये पोहे, वडापाव आणि उकडलेली अंडी एवढंच असतं. अंडी घेतो, पण मंगळवारी खात नाही. मंगळवारी काय?

अनघा_पी:
डब्यात मटकीची उसळ न्या, सोबत फुटाणे मूठभर. पोहे घेतलेच तर अर्धी बशी, उसळीनंतर.

सखूबाई:
साडेतीनला म्हणजे मंगळवार उलटून बुधवार लागलेला असतो ना?

बापूसाहेब:
वार सूर्योदयाला बदलतो.

हेमा_ताई:
मेथ्यांचं कुणी सांगितलंच नाही.

शिरीष_नाशिक:
व्यनि केला आहे.