केक आधी की चढाई आधी?

क्लाइंबिंग वॉलवर (चढाईच्या कृत्रिम भिंतीवर) वाढदिवस: १२ मुलं, २ तास, केक आधी कापावा का? अजिबात नको! भरल्या पोटावर हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कमरेचा पट्टा, आवळला की मळमळतं. संमतीपत्रावर पालकांच्या सह्या आदल्या दिवशीच घ्या, नाहीतर पहिली २० मिनिटं त्यातच जातात. दोर किती मिळणार हेही विचारा. दोनच असतील आणि एका चढाईला ५ मिनिटं धरली, तर तासाभरात प्रत्येकाला दोनच पाळ्या; सोबत बोल्डरिंगची (दोराविना चढायची, बुटकी) भिंत मागाच. तिथल्या गाद्यांवर मात्र कुणी बसायचं नाही, वरून पोर पडतं.

बरीच मुलं वर पोचून भीतीने गोठतात, पकड सोडतच नाहीत. म्हणून आधी मीटरभर उंचीवरच हात सोडून दोरावर बसायला लावा, मग पाय भिंतीला टेकवत खाली. फ्रॉक नको, लेगिंग्ज. केस बांधलेले. (बर्थडे गर्लचा मुकुट केकच्या वेळी!)