टॉवरखालच्या पेटीवर किती भरवसा ठेवायचा?

टॉवरखाली:
एज कम्प्युटिंगला, म्हणजे सर्व्हर ग्राहकाजवळ टॉवरपाशी नेण्याला, माझा सरसकट विरोध नाही, सध्या चाललेल्या घाईला आहे. पूर्वी सर्व्हर चार भिंतींत, पहाऱ्यात असायचे. आता ५जीचं यूपीएफ, म्हणजे ग्राहकांचा सगळा डेटा ज्यातून जातो तो भागसुद्धा, टॉवरखालच्या पत्र्याच्या पेटीत येऊ लागलाय. मागे एका साइटवर गेलो, तर पेटीला शेजारच्या साइटची किल्ली लागली! आत कन्सोल पोर्ट (यंत्राला थेट जोडून ते चालवायची जागा) उघडा आणि पासवर्ड कारखान्यातून आला तसाच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच न बदललेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

कोअरवाली:
कुलपाचं खरं आहे, पण निष्कर्ष पटत नाही. मोठे घाव मध्यभागीच, म्हणजे कोअरमध्ये (नेटवर्कच्या केंद्रीय यंत्रणेत) बसलेत. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनच्या कीवस्टार या मोबाइल कंपनीचे हजारो व्हर्च्युअल सर्व्हर पुसले गेले आणि सुमारे २.४ कोटी ग्राहकांची सेवा कोलमडली. २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या एसके टेलिकॉमवर सायबर हल्ल्यानंतर सगळ्या ग्राहकांना सिम बदलून देण्याची पाळी आली. तिथे पहारा नव्हता का? एक एज साइट गेली तर एक परिसर जातो.
शिवाय फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर हजार किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाण्यायेण्यात १० मिलिसेकंद गेले. ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणून देणार नाही.

टॉवरखाली:
साइट एकमेकींपासून तोडलेल्या असतील तरच एक परिसर जातो. बहुतेक ठिकाणी ऑर्केस्ट्रेटर (सगळ्या साइट चालवणारं सॉफ्टवेअर) एकच, व्यवस्थापनाचं नेटवर्कही एकच, आणि त्यात शिरायचं सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) प्रत्येक पेटीत. बेस स्टेशन ते कोअर या वाटेवर आयपीसेक (डेटाचं एन्क्रिप्शन) लावायचं की नाही, हे तर ५जीच्या मानकांनीच ऑपरेटरवर सोडलंय.

पॅचकरी:
तुम्ही दोघं जागेवरून भांडताय, मला पॅचची, म्हणजे त्रुटी बुजवणाऱ्या अपडेटची, धास्ती वाटते. २०२४ मध्ये उघड झालेल्या सॉल्ट टायफून या हॅकर गटाच्या प्रकरणात अमेरिकी टेलिकॉम कंपन्यांच्या कायदेशीर टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत हल्लेखोर पोचले. त्यांनी वापरलेल्या त्रुटींत आधीच जाहीर झालेल्या, पॅच निघालेल्या त्रुटीही होत्या. दहा डेटा सेंटरांत पॅच मारताना नाकी नऊ येतात, मग दोन हजार पेट्यांत कोण मारणार? अर्ध्यावर अपडेट अडकलं की माणूस गाडी घेऊन साइटवर.

कोअरवाली:
म्हणूनच पेटी चोरीला जाणार असं धरूनच ती बांधायची. टीपीएम चिप (किल्ल्या सुरक्षित ठेवणारी), सिक्युअर बूट (फक्त अधिकृत सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारं), प्रत्येक साइटला वेगळं आणि कमी मुदतीचं सर्टिफिकेट. अपडेट बिघडलं तर यंत्राने आपणहून जुन्या आवृत्तीवर परत यायचं. दार उघडल्याचा अलार्म आला की त्या साइटचं सर्टिफिकेट लगेच रद्द. यातलं काहीच नवं नाही, निविदेत लिहायला हवं एवढंच.

टॉवरखाली:
चिप आणि सर्टिफिकेटचं मान्य, निविदेत ते लिहाच. अलार्मचं मात्र ऐका. मी सांगितलेल्या त्या साइटवर दाराचा सेन्सर होता. वाऱ्यानेही वाजायचा, म्हणून रात्रपाळीने तो सहा महिन्यांपूर्वीच बंद करून ठेवला होता.