मदत हवी आहे: डावा एलईडी हेडलाइट फक्त डिपरवर फडफडतो

नमस्कार मंडळी,

गाडी २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. हेडलाइटला एच-४ बल्ब लागतो, म्हणजे अप्पर (लांबचा झोत) आणि डिपर (जवळचा, खाली पडणारा झोत) एकाच बल्बात. मूळच्या ६०/५५ वॉटच्या हॅलोजनऐवजी मी बाजारातले एलईडी बल्ब बसवले. बरेच दिवस छान चालले, पण या पावसाळ्यात डाव्या बाजूचा डिपर फडफडायला लागलाय.

गाडी सुरू केली की आधी उजेड स्थिर असतो. थोडं अंतर गेलं की लुकलुक चालू होते, खड्ड्यात चाक गेलं की वाढते, कधी क्षणभर पार विझतो. अप्पर मारला की मात्र दोन्ही दिवे ठणठणीत. उजवा डिपरवरही ठीक. डावा-उजवा बल्ब अदलाबदल करून पाहिले, तरी फडफड डावीकडेच राहिली. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट दाखवतो, म्हणजे अल्टरनेटर बरा असावा.

वायरमनने डावीकडे जुना हॅलोजन लावून दाखवला. तो जराही फडफडला नाही. त्यामुळे त्याचं म्हणणं, वायरिंग ओके, एलईडीच बाद. पण मग तोच एलईडी उजवीकडे निमूट कसा चालतो? बल्बवाला दुकानदार म्हणतो, कॅनबस डीकोडर लावा.

आम्ही चिपळूणला राहतो. आईच्या उपचारांसाठी कराडला जायचं तर अंधारातच निघावं लागतं. कुंभार्ली घाटात सध्या असं धुकं असतं की अप्पर लावला तर समोर सगळं पांढरंफेक होतं, काही म्हणजे काही दिसत नाही. डिपरवरच घाट चढावा लागतो आणि नेमका तोच दगा देतो. डावा विझला की रस्त्याची कडा दिसत नाही. आई बोलत काही नाही, पण खिडकीवरचं हँडल सोडत नाही. म्हणून हे पक्कं दुरुस्त करायचंय. डीकोडर घेऊ, की आधी आणखी काही तपासू? मल्टिमीटर घरात आहे.

प्रतिसाद:

दादा, डीकोडरवर आत्ताच पैसे घालू नका. काही गाड्यांत कंट्रोल युनिट दिव्यांना सलग करंट न देता झटपट चालू-बंद करत देतं, किंवा बल्ब गेलाय का हे बघायला बारीक पल्स सोडतं. तिथे डीकोडरचा उपयोग होतो. पण तसं असतं तर साधारण दोन्ही बाजू लुकलुकल्या असत्या, आणि खड्ड्यांशी त्याचा संबंध नसता.

कोणी अर्थिंग (करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी वायर) तपासा म्हणेल. एरवी मीही पहिल्यांदा तेच म्हणतो. पण एच-४ला तीन पिना असतात: एक अप्परची, एक डिपरची आणि तिसरी दोघांची सामाईक. सामाईक पिनेत दोष असता तर अप्परही फडफडला असता. तो स्थिर आहे, म्हणजे राहिली फक्त डाव्या डिपरची लाइन. फ्यूजपासून बल्बच्या पात्यापर्यंत. माझा संशय सरळ होल्डरवर आहे.

आता वायरमनचा हॅलोजन. त्याची तार तापून पांढरी झालेली असते, करंट क्षणभर तुटला तरी ती तेवढ्यात थंड होत नाही, म्हणून डोळ्याला तुटक दिसत नाही. एलईडी त्याच क्षणी विझतो. हॅलोजन स्थिर दिसला म्हणजे वायरिंग चांगलं, असं होत नाही.

मोजताना मात्र हॅलोजनच लावा. ५५ वॉटला साधारण साडेचार अँपिअर करंट लागतो, एलईडीला बराच कमी, त्यामुळे लाइनमधला दोष हॅलोजनवर ठळक दिसतो. इंजिन आणि डिपर चालू ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसला, काळा बल्बच्या डिपरच्या पात्याला (कपलर किंचित मागे ओढलात की पातं दिसतं). शेजारच्या पिनेला प्रोब टेकू देऊ नका. येईल तो आकडा म्हणजे वाटेत गळालेले व्होल्ट. दोन्ही बाजू मोजा आणि इथे लिहा. काही जपानी गाड्यांत स्विच अर्थिंगच्या बाजूला असतो, सामाईक पिनेवरच प्लस येतो. तुमची तशी असेल तर डिपरच्या पात्यापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजावं लागेल.

धागाकर्ता:

मनापासून आभार. उजवीकडे ०.५ व्होल्ट, डावीकडे १.८. होल्डर काढून बघितला तर डिपरच्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलंय. आतली पितळी क्लिप सैल आहे, पातं बोटानं हलतं. वायरच्या तोंडाशी हिरवा गंजही आहे. एलईडीने एवढी उष्णता होल्डरमध्ये कशी आली?

प्रतिसाद:

एलईडीचं काम नाही ते. आधीच्या मालकाने बहुतेक १००/९० वॉटचे हॅलोजन जाळलेत, तेही रिले (बॅटरीतून थेट करंट देणारा वेगळा स्विच) न टाकता. मूळ वायर आणि प्लास्टिक होल्डर तेवढ्या करंटसाठी नसतात. क्लिप तापून तिचा ताण गेला, आता कोकणातल्या दमट हवेने उरलेलं केलं. क्लिप पक्कडीने दाबून बसवू नका, पुन्हा सैल होईल. सिरॅमिकचा एच-४ होल्डर घ्या, हिरवी झालेली वायर कापून लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे जा, टोकाची क्लिप वायरवर नीट क्रिंप करा (दाबून पक्की करा) आणि वर हीट श्रिंक (तापवलं की आवळणारी नळी) चढवा.

बल्ब परत बसवताना एलईडीच्या चिप डाव्या-उजव्या बाजूला तोंड करून हव्यात. फिरल्या तर डिपरच्या उजेडाची वरची रेघ मोडते आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी तसाही थोडा पसरतो, म्हणून रात्री भिंतीवर दोन्ही रेघा जुळवून घ्या. मागचा फॅन रबरी कव्हरने झाकला जात नाही ना, तेही बघा.

धागाकर्ता:

होल्डर बदलला. आता डावीकडे ०.४ व्होल्ट येतात. काल घाटातून जाऊन आलो, पाऊस होता, डिपर एकदाही हलला नाही. उजवा होल्डर अजून फुगलेला नाही, पण रंग बदलायला लागलाय. तोही काढू का?

प्रतिसाद:

काढा. आईंना घेऊन जायच्या आधीच काढा, त्यानेही तेच बल्ब सोसलेत.