'व्हिंटहुंट' या जर्मन शब्दात खरोखर वारा आहे का?

प्रश्न
ग्रेहाउंडसारख्या सडपातळ, लांब पायांच्या शिकारी कुत्र्याला जर्मनमध्ये 'व्हिंटहुंट' म्हणतात. 'व्हिंट' म्हणजे वारा आणि 'हुंट' म्हणजे कुत्रा, तेव्हा वाऱ्यासारखा धावणारा तो व्हिंटहुंट, अशी फोड मी वहीत लिहून ठेवली होती. परंतु आमच्या शिक्षिकेने ती चुकीची ठरवली आणि तास संपल्याने कारण विचारायचे राहून गेले. खरी व्युत्पत्ती कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद
आपल्या शिक्षिकेचे म्हणणे बरोबर आहे. जुन्या जर्मनमध्ये 'व्हिंट' हा एकटा शब्दच या कुत्र्याचे नाव होता, आणि वाऱ्याचा 'व्हिंट' उच्चाराने तसाच असला तरी निराळा होता. हा घोटाळा टळावा म्हणून १६व्या शतकाच्या सुमारास कुत्र्याच्या नावाला 'हुंट' जोडले जाऊ लागले, म्हणजे शब्दशः पाहिले तर हा 'कुत्राकुत्रा' झाला. हसू येईल, पण 'पावरोटी' म्हणताना आपणही हेच करतो, कारण त्यातला पोर्तुगीज 'पाव' म्हणजे रोटीच. मूळ 'व्हिंट'चा संबंध अनेक कोशकार 'व्हेंड' या नावाशी, म्हणजे जर्मनांनी आपल्या स्लाव्ह शेजाऱ्यांना दिलेल्या नावाशी लावतात, मात्र त्यावर एकमत नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पण बेभरवशाच्या, उडाणटप्पू माणसालाही 'व्हिंटहुंट' म्हणतात ना? तिथे तरी वारा असावा.

प्रतिसाद
तिथे आहे, आणि मला या शब्दाची खरी गंमत तिथेच वाटते. कुत्र्याचा जुना 'व्हिंट' विस्मरणात गेल्यावर बोलणाऱ्यांना त्या जागी वाराच ऐकू येऊ लागला, आणि 'व्हिंडिश' या विशेषणाला 'वाऱ्याचा' याबरोबर 'भरवसा नसलेला' असाही अर्थ असल्याने ही शिवी सहज रुळली. लोकव्युत्पत्ती चुकीची असली तरी भाषेत ती असे नवे अर्थ रुजवते. इंग्रजी 'ग्रेहाउंड'मधल्या 'ग्रे'चाही करड्या रंगाशी मुळात संबंध नाही.

आणखी एक प्रतिसाद
याच घरातला 'व्हिंटश्पील' हा शब्दही पाहावा. छोट्या जातीच्या ग्रेहाउंडला तो लावतात, आणि तिथला 'व्हिंट' कुत्र्याचाच आहे. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याला या कुत्र्यांचा फार लळा होता. १७८६ मध्ये तो वारला, पण त्यांच्या शेजारी पुरावे ही त्याची इच्छा पोट्सडामच्या सांसुसी राजवाड्यात १९९१ मध्ये पूर्ण झाली. दारात टांगलेल्या, झुळुकीने किणकिणणाऱ्या नळ्यांनाही आज 'व्हिंटश्पील'च म्हणतात, आणि त्यातला 'व्हिंट' मात्र निखळ वारा आहे.