बँकेची पॉलिसी वेगळी, आपली वेगळी

मी: न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घराचं क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा शेवटचा व्यवहार, गुरुवारी आहे. आज क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे खर्चाचा शेवटचा हिशेब, आला. टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकीहक्काचा विमा, दोनदा लावलाय, एक लेंडरचा म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेचा, एक ओनरचा म्हणजे माझा. ओनरच्या पुढे 'ऐच्छिक' लिहिलंय. काढून टाकू का?

आत्या: अभिनंदन बाळा! टायटल म्हणजे आपला जुने दस्त तपासून काढलेला सर्च रिपोर्टच ना? तो तर वकील काढतो.

वहिनी: आत्या, सर्च इथे अमेरिकेतही होतोच. विमा असतो तो सर्चमध्ये जे सापडलं नाही त्याचा. जुन्या दस्तावरची खोटी सही, कुठेच न नोंदलेला वारस, आधीच्या मालकाचा राहून गेलेला बोजा. कोणी दावा लावलाच तर वकिलाचा खर्च कंपनी करते आणि नुकसान झालं तर पॉलिसीच्या रकमेपर्यंत भरून देते. दरवर्षी हप्ता नाही, पैसे एकदाच.

मी: पण लेंडरचे पैसेही मीच भरतेय. मग तो विमा मला नाही का चालणार?

वहिनी: नाही गं, तो फक्त बँकेचा. जेवढं कर्ज बाकी, तेवढंच संरक्षण. तुझं डाउन पेमेंट आणि फेडलेलं मुद्दल त्यात धरत नाहीत. ओनरची पॉलिसी घर तुझ्याकडे किंवा तुझ्या वारसांकडे असेपर्यंत चालते. आणि दोन्ही एकदम घेतल्या की बँकेची नाममात्र पैशांत येते, म्हणजे ओनरची काढून वाटतं तेवढं वाचणार नाही.

बाबा: घेच. 1987 ला आम्ही प्लॉट घेतला तेव्हा तीस वर्षांचा सर्च केला होता. सातबारावर विकणाऱ्या एकट्याचं नाव. त्याच्या बहिणीचं हक्कसोडपत्र घेतलेलंच नव्हतं हे तिच्या मुलांची नोटीस आली तेव्हा कळलं. नऊ वर्षं कोर्टात गेली, शेवटी पैसे देऊन मिटवलं. तुझ्या आईच्या बांगड्या त्यातच गेल्या. आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची. मालकीची हमी सरकार देत नाही.

आत्या: दादा, आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला निघालीये. असा विमा इथे भारतात नाही का?

बाबा: रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरच्या 2016 च्या कायद्यात कलम 16 आहे, जमिनीच्या टायटलचा विमा बिल्डरने काढायचा. पण राज्य सरकारने अधिसूचना काढली तरच ते लागू होतं. त्यापेक्षा कलम 18(2) लक्षात ठेव. टायटल सदोष निघालं तर बिल्डरने फ्लॅट घेणाऱ्याला भरपाई द्यायची, आणि त्याला मुदतीची आडकाठी नाही. तरी सर्च रिपोर्ट मागून घे, आणि तो सोसायटीच्या वकिलाने केलेला हवा, बिल्डरच्या नव्हे.

वहिनी: आणि तू टायटल कमिटमेंट, म्हणजे पॉलिसीआधी विमा कंपनी देते तो कागद, उघडलास का? त्यातलं शेड्यूल बी आधी वाच. कंपनी कशाची जबाबदारी घेत नाही ते तिथे लिहिलेलं असतं. लोक रक्कम बघतात आणि हे पान उलटतात. शंका असेल ते क्लोजिंगआधी विचार, नंतर कोणी ऐकत नाही.

मी: ओनरची ठेवा म्हणून वकिलांना आत्ताच मेल केला. शेड्यूल बी मध्ये सातव्या ओळीत ड्राइव्हवेवर शेजाऱ्याचा ईझमेंट, म्हणजे वापराचा हक्क, दिसतोय. वहिनी, फोन करू?

वहिनी: लगेच कर. सर्व्हेचा नकाशा समोर घेऊन बस.