मदत हवी आहे: किमान वेतनवाढीसोबत करसवलत नेमकी कुठली द्यावी?

किमान वेतन वाढवताना लहान व्यावसायिकांना करसवलत द्यावी, या विषयावर लिहितेय आणि एका मुद्द्यावर अडलेय.

अमेरिकेत २००७ साली ही सांगड घातली गेली. संघीय किमान वेतन तासाला ५.१५ डॉलरवरून तीन टप्प्यांत, २००९ पर्यंत ७.२५ डॉलरवर नेलं आणि सोबत लहान उद्योगांना करसवलती दिल्या. त्यातल्या एका सवलतीने यंत्रसामग्रीचा खर्च त्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची मर्यादा वाढवली. मला इथेच खटकतं. पगाराचा बोजा वाढतो जास्त माणसं लागणाऱ्या धंद्यावर, आणि सवलत मिळते यंत्र घेणाऱ्याला! शिवाय आयकरातली सूट नफा असेल तरच कामाची. तोट्यातल्या दुकानदाराला पगार मात्र द्यावाच लागतो.

त्यापेक्षा मालकाने कामगाराच्या पेन्शन, आरोग्य विमा वगैरेंसाठी भरायच्या सामाजिक सुरक्षा वर्गणीत कपात बरी वाटते. फ्रान्समध्ये कमी पगाराच्या नोकऱ्यांसाठी ती १९९०च्या दशकापासून आहे. पण पगार वाढला की सूट घटते, म्हणून मालक पगार वाढवायला कचरतात, अशी टीका तिथे होते. कामगाराची पुढची पगारवाढच अडणार असेल तर मला ते मान्य नाही.

ही अडचण टाळणारी रचना कशी असावी? कर सल्लागार किंवा अर्थशास्त्राचे अभ्यासक असतील तर कृपया उदाहरणासह समजावून सांगा.